गंजी कुणी मोडली?

कडब्याची गंजी यंत्राने खाल्ली, असं आपल्याकडे सरसकट म्हटलं जातं. ट्रॅक्टर आला, बैल विकले. बैल गेले म्हणून चारा नको आणि चारा नको म्हणून गंजी नको, अशी ही साखळी मांडली जाते. बुलडाणा जिल्ह्यात, सिंदखेड राजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याच्या शिवारावर भादव्यात नजर टाकली की या साखळीची पहिलीच कडी सैल लागते. दूरवर सोयाबीन, मधूनमधून तुरीच्या ओळी, कुठे कपाशी. ज्वारीचं वावर शोधावं लागतं. ज्वारी नाही तिथे कडबा कुठला, आणि कडबा नाही तिथे गंजी कशाची रचायची? शिवाय गंजी रचायचं यंत्र या भागात कधी आलंच नव्हतं. जे आलंच नाही त्याने माणसाच्या हातचं काम हिरावलं, हे म्हणणं कसं टिकावं? माझ्या मते गंजी मोडली ती पीक बदलल्यामुळे. अवजारं, कसब, बंडी भरायची रीत, गोठ्याशेजारची राखीव जागा हे सगळं पिकाच्या मागोमाग गेलं. दोष यंत्राचा की पिकाचा, हा वाद वरवर किरकोळ वाटेल. पण दोष यंत्राचा मानला की उपायही मोठ्या यंत्रातच शोधला जातो, आणि चाऱ्याच्या बाबतीत सध्या तेच चाललं आहे.

गंजी म्हणजे काय होतं, हे आधी जवळून पाहायला हवं. खरिपाची ज्वारी दिवाळीच्या आगेमागे कापणीला येते. ताटं विळ्याने बुडाशी कापून ओळीने आडवी टाकतात, कणसं खुडून खळ्यावर जातात आणि ताटं काही दिवस उन्हात पडून राहतात. ओलं ताट बांधलं तर पेंढी आतून काळी पडते. फार वाळवलं तर पानं चुरून वावरातच राहतात, आणि गुरं आवडीने खातात ती पानंच. म्हणून पेंढी बांधायची ती भल्या पहाटे, दवाने पानं नरम असताना. बंधाला अंबाडीचा वाक चांगला; ज्वारीच्या वावरात अंबाडीच्या ओळी पेरलेल्या असायच्या, त्यांची भाजी घरात, बोंडं चटणीला आणि वाक दोरखंडाला. म्हणजे चारा आणि चारा बांधायची दोरी एकाच वावरात पिकत होती. बांधलेल्या पेंढ्या बंडीत भरताना दोन्ही अंगांना उभे दांडे ठोकायचे आणि भार जोखून रचायचा: पुढे जड झाली तर बैलांच्या मानेवर येते, मागे जड झाली तर बंडी उलाळते. वरून नाडा आवळला की ती माणसाच्या दुप्पट उंचीची बंडी खाचखळग्यांतून घरापर्यंत आणायची.

खरी कारागिरी त्यापुढची. गंजीला उंचवट्याची, पाणी न साचणारी जागा लागते. खाली दगड, दगडांवर पऱ्हाट्या-तुराट्यांचा थर, कारण उधई जमिनीतून वर चढते. पहिल्या थरापासून नियम एकच: पेंढीचं बुड बाहेर, शेंडा आत आणि गंजीचं पोट सदैव काठापेक्षा उंच. पोट उंच राहिलं की प्रत्येक पेंढी बाहेरच्या अंगाला उतरती बसते आणि वरून आलेला थेंब बुडाकडे वाहत जाऊन बाहेर गळतो. पोट खचलं की तोच थेंब आतल्या बाजूला वळतो आणि ज्येष्ठात गंजी उघडली तेव्हा मधोमध पांढऱ्या बुरशीचा पट्टा सापडतो. भिंत वर चढताना किंचित बाहेर येते, म्हणजे वरचं पाणी पायथ्यापासून दूर पडतं. खांद्यापासून पुढे ती आत घेत न्यायची. वर एक रचणारा, खाली दोघं-तिघं पेंढ्या देणारे. उंची हाताबाहेर गेली की दोन फाट्यांच्या लाकडी बेळक्याने पेंढी वर जाते. शेंड्यावर जुनं गवत किंवा कुटार, त्यावर दोरांचा काच, दोरांच्या टोकांना दगड. अवजारं म्हणाल तर विळा, बेळकं, नाडा आणि बंडी, बस्स. बाकीचं ज्ञान रचणाऱ्याच्या तळपायात असे. पाय कुठे खोल जातो यावरून पोट कुठे पोकळ राहिलं ते त्याला कळायचं. गंजी काढतानाही वरून ओरबाडायची नाही, एका अंगाने उभी कापत जायची, म्हणजे डोक्यावरचं शाकारणं शेवटपर्यंत शाबूत राहतं.

आता याच्या शेजारी अमेरिकेतल्या कुटुंबशेतीचं वाळल्या गवताचं सामान ठेवून बघा. तिकडे १८६७ साली विल्यम लाउडन या आयोवातल्या माणसाने कोठाराच्या छपराखालून रुळावर धावणाऱ्या गवत-वाहकाचं पेटंट घेतलं. बंडीतलं गवत दोरीने उचलायचं, रुळावरून आत सरकवायचं आणि हवं तिथे सोडायचं. त्याच्या आगेमागे घोड्याने ओढायचे गवत-दाताळे आले, गवत उलथून वाळवणारी यंत्रं आली. लांब दातांवर गवताचा भारा घेऊन तो डोक्यावरून पलीकडे गंजीवर भिरकावणारे लाकडी सांगाडे आले. १९१० मध्ये मोंटाना राज्यात ‘बीव्हरस्लाइड’ नावाच्या रचाई-यंत्राचं पेटंट निघालं. ओंडक्यांची तीसेक फूट उंचीची घसरण, तिच्यावरून दोरखंड आणि कप्पीने घोडे गवताची टोपली वर ओढणार, टोपली शेंड्याला पोचली की गवत मागच्या बाजूला कोसळणार. त्या भागातल्या काही रँचवर हा सांगाडा अजूनही वापरात आहे. १९४० च्या सुमारास गवत उचलून आपोआप गठ्ठा बांधणारा बेलर बाजारात आला आणि १९७१ मध्ये व्हर्मीर कंपनीचा मोठ्या गोल गठ्ठ्यांचा. त्यानंतर जुनी रचाई-यंत्रं बांधाला लागली. तिकडे गंजी खरोखरच यंत्राने मोडली, एका यंत्राने दुसऱ्या यंत्राची.

आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर शेतीच्या यंत्रांकडे वळले, तेव्हा त्यांच्या अगदी पहिल्या यंत्रांत होतं ते कडबा कापायचं यंत्र. लोखंडी नांगराची कीर्ती मोठी झाली म्हणून कडबा-कटर मागे राहिला एवढंच. किर्लोस्करवाडी उभी राहिली १९१० साली, म्हणजे बीव्हरस्लाइडच्या पेटंटाच्याच वर्षी. एकाच काळात, चाऱ्याच्याच प्रश्नावर, दोन मुलुखांतली डोकी दोन वेगळ्या टोकांना चालली: तिकडे गवत वर कसं चढवायचं याचा विचार, इकडे ताटं बारीक कशी करायची याचा. यात कोण पुढे आणि कोण मागे हा प्रश्नच गैरलागू आहे. काम जिथे अडतं तिथे अवजार जन्मतं. मोंटानात जमीन अफाट, माणसं थोडी आणि गवत भुसभुशीत, हाती न धरवणारं. वऱ्हाडात माणसं पुरेशी होती. आणि कडबा म्हणजे पुरुषभर उंचीची ताटं, जी बंध मारला की स्वतःच पेंढी होऊन हातात येतात. ती उचलायला यंत्राची गरज पडली नाही. गरज पडली ती गव्हाणीशी, कारण अख्खं ताट गुरापुढे टाकलं की ते पानं ओढून खातं आणि जाड बुडखा तुडवतं. तिसरा हिस्सा तरी असा वाया जातो, हा नेहमीचा अनुभव. म्हणून आपल्याकडे आधी लाकडी ठोकळ्यावरचा अडकित्ता होता, मग हाताने फिरवायचं चाक आलं आणि आता विजेवरचं कुट्टी मशीन.

हवामानाचा फरकही इथे मोजायला हवा. युरोपात गवत कापतात ते ऐन उन्हाळ्यात, कधीही पाऊस येईल अशा आकाशाखाली, आणि साठवतात बर्फाच्या महिन्यांसाठी. म्हणून नॉर्वेत तारांच्या कुंपणासारख्या रांगा उभारून ओलं गवत त्यांवर वाळत घालायची पद्धत पडली. बुलडाण्यात वर्षाला साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. कडबा वाळतो कार्तिकात, कोरड्या वाऱ्यात. त्याला वाळवणीचं यंत्र लागत नाही. लागते ती राखण, फाल्गुनापासून पहिलं हिरवं गवत दातांखाली येईपर्यंतच्या चार-साडेचार महिन्यांसाठी. त्यातही जाड ताटाच्या गाभ्यात ओल बराच काळ टिकते. गंजीच्या रचनेत पेंढ्यांमधून हवा खेळती राहते, म्हणून ही उरलेली ओल हळूहळू निघून जाते. तोच कडबा न कुटता घट्ट दाबून गठ्ठा केला तर आत बुरशी धरते. गवताच्या बाबतीत तर ओल वीस टक्क्यांच्या वर राहिली की ढीग आतून तापू लागतो, साठ-सत्तर अंशांपर्यंत चढतो आणि क्वचित आपोआप पेटतोही. कडब्याची सैल गंजी ही मागासलेपणाची खूण नव्हती, त्या पिकाला ती शोभणारी रचना होती.

आणि या साठ्यावर नुसते बैल नाही, राज्यं चालली. साखरखेर्ड्याचं नाव इतिहासात येतं ते ११ ऑक्टोबर १७२४ च्या लढाईमुळे. निजामउल्मुल्काने इथे मुबारिजखानाला हरवून ठार केलं, दख्खनमधली आसफजाही सत्ता पक्की झाली आणि गावाला काही काळ फत्तेखेर्डा म्हटलं गेलं. इतिहासाची पुस्तकं या लढाईचे डावपेच सांगतात; त्या काळच्या प्रत्येक मोठ्या घोडदळामागे रोज वैरण गोळा करणारी ‘कही’ फिरत असे, हे मात्र तळटीपेत राहतं. सिंदखेडच्या जाधवांच्या लेकीचा मुलगा मात्र ते विसरला नव्हता. मे १६७३ मध्ये चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी जे पत्र धाडलं, त्यात पावसाळ्याची बेगमी म्हणून ठेवलेला दाणा आणि गवत आताच उधळलं तर घोडी मरतील, मग लोक रयतेच्या घरात शिरतील, असा इशारा आहे. त्याहून बारीक गोष्ट पुढची: रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवत पेट घेईल आणि सगळा साठा जाईल. एवढं राज्य चालवणारा माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करतो, कारण गवताच्या साठ्याची किंमत त्याला ठाऊक आहे. आमच्याकडे गंजी घराला चिकटून न रचता अंतर राखून रचतात, त्यामागेही हीच धास्ती.

साठा नसला तर काय होतं, हे वऱ्हाडाने १८९९-१९०० च्या दुष्काळात पाहिलं. तो जितका धान्याचा दुष्काळ होता तितकाच चाऱ्याचा होता. वऱ्हाड, दख्खन आणि गुजरातेत गुरं लाखांनी मेली. धान्य रेल्वेने आणता येतं, आणलंही गेलं. कडबा मात्र वजनाला हलका आणि आकाराला अवाढव्य. तो दूरवरून आणणं परवडत नाही. हे गणित आजही तसंच आहे. दुष्काळी वर्षी जिल्हाधिकारी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घालतात ती याच कारणाने. ऐपतदार शेतकरी चांगल्या सालात एक गंजी न फोडता पुढच्या वर्षाला राखून ठेवत, ती हौस म्हणून नव्हे.

मग ज्वारी का गेली? १९६४ साली सीएसएच-१ हे पहिलं संकरित वाण आलं, नंतर सीएसएच-५, सीएसएच-९ आली. धान्य वाढलं, पण ताटं ठेंगणी झाली; म्हणजे ज्वारी शिवारात असतानाच कडबा कमी होऊ लागला होता. लवकर पक्व होणारी ही वाणं परतीच्या पावसात सापडत आणि दाणा काळा पडे. काळ्या ज्वारीला भाव नाही, आणि रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागल्यावर घरातही भाकरीची जागा आक्रसली. त्यात १९९० नंतर सोयाबीन आलं. शंभर दिवसांत मोकळं होणारं, रोख पैसा देणारं, मागून हरभऱ्याला रान रिकामं करून देणारं पीक. महाराष्ट्रात १९८० च्या दशकात खरीप ज्वारी पंचवीस लाख हेक्टरांहून जास्त होती, ती आता तीन लाखांच्याही खाली आहे. एकदा पेरा घटला की उरलेल्याला दुप्पट मार बसतो. शिवारभर ज्वारी होती तेव्हा पाखरांचा आणि रानडुकरांचा वाटा सगळ्यांत विभागला जाई. आज एकाच वावरात ज्वारी असली तर सगळी पाखरं तिथेच उतरतात. म्हणून ‘हौशी शेतकऱ्यांनी निदान अर्धा एकर ज्वारी पेरावी’ हा सल्ला ऐकायला गोड असला तरी एकट्यादुकट्याने पाळण्याजोगा राहिलेला नाही.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे: बैलच नाहीत, तर एवढ्या चाऱ्याचं करायचं काय? यात तथ्य आहे. नांगरणी-पेरणी ट्रॅक्टरने होते, बैलजोडी कमी झाली, हे कुणालाही दिसतं. पण क्रम उलटाही लागतो. सुमारे चारशे किलोच्या बैलाला दिवसाला आठ ते दहा किलो कोरडा चारा लागतो. जोडीला वीस किलो धरले तर उन्हाळ्याच्या चार महिन्यांना चोवीस क्विंटल. पेंढी दोन किलोची धरली तर बाराशे पेंढ्या, म्हणजे बारा शेकडे. घरच्या वावरात ज्वारी असताना हा चारा धान्यामागे फुकट येत होता. ज्वारी गेल्यावर तोच शेकड्याच्या भावाने रोख मोजून घ्यावा लागला, आणि तेव्हा बैलजोडी ही न परवडणारी गोष्ट ठरली. ट्रॅक्टरने बैलांना ढकललं हे खरं. सोयाबीनने त्यांच्या पुढची गव्हाण आधीच रिकामी केली होती हेही तितकंच खरं. शिवाय बैल गेले तरी गुरं संपली नाहीत. दुधाची गाय, म्हैस, शेळ्या दारात आहेतच, आणि दुभत्या जनावराला उन्हाळाभर अर्धपोटी ठेवण्याची सोय नाही. बैल निदान चैत्रात बसून असायचा.

दुसरा आक्षेप अधिक जाणकार आहे. कडब्यात असतं काय? प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, बाकी काष्ठ. त्यापेक्षा मक्याचा मुरघास करा, निकृष्ट चाऱ्यावर युरियाची प्रक्रिया करा. शंभर किलो चाऱ्याला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून फवारायचा, तीन आठवडे हवाबंद ठेवायचा, पचनीयता वाढते. याची शिकवण पशुवैद्यकीय विस्तार खात्याने कित्येक वर्षं दिली आहे, आणि ती बरोबरच आहे. तरी या सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: प्रक्रिया करायला कोरडा, बुरशी नसलेला चारा घरात आहे. युरिया नासलेल्या चाऱ्याला सुधारत नाही. मुरघासाला मका लागतो, मक्याला पाणी लागतं, आणि या भागातली बहुतांश जमीन पावसावर. विहिरीचं पाणी असलेल्याने मुरघास जरूर करावा. कोरडवाहूवाल्याला तो उपाय सांगणं म्हणजे त्याला आधी विहीर पाडायला सांगणं. कडब्याची आणखी एक बाजू पोषणाच्या तक्त्यात दिसत नाही. कोवळ्या किंवा पाण्याच्या ताणातल्या हिरव्या ज्वारीने जनावराला विषबाधा होते, जीवही जातो. तीच ताटं पक्व होऊन वाळली की तो धोका बराच उतरतो. वाळवणं म्हणजे नुसतं टिकवणं नव्हतं, चारा खाण्याजोगा करणंही होतं.

तिसरा आक्षेप मजुरीचा, आणि तो सगळ्यांत वजनदार. कापणी, बांधणी, वाहतूक, रचाई यांना माणसं हवीत. सालदार मिळत नाही, घरातली पोरं शिकून बाहेर पडलीत, बायांच्या मजुरीचे दिवस कापूस आणि सोयाबीनला बांधलेले. पूर्वी काम गव्हाणीशी अडत होतं, आता ते वावरातच अडतं. म्हणजे अवजार नव्या जागी जन्मायला हवं होतं. झालं काय, तर बाहेरचं तयार अवजार आलं. हार्वेस्टर सोयाबीन काढतो, मागे भूस वावरात पसरतं. ट्रॅक्टरच्या मागचा बेलर ते गठ्ठ्यांत बांधतो. यंत्र उत्तम आहे. पण ते परवडतं ठेकेदाराला, आणि ठेकेदार गठ्ठे विकतो तिथे जिथे भाव मिळेल: वीटभट्टीला, ब्रिकेट कारखान्याला. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन १.३४ हेक्टर निघाली. एवढ्याशा वावराच्या मालकाच्या हाती बेलरमधून चारा येत नाही, गेलेल्या भुसाचे थोडे पैसे येतात. तेही नसेल तर काडी ओढून भूस पेटवून देणं सोपं, कारण हरभऱ्याची पेरणी थांबत नाही. बेलर वाईट म्हणून मी हे म्हणत नाही. तो मोंटानाच्या अडचणीवरचा इलाज आहे, साखरखेर्ड्याच्या नव्हे, इतकंच माझं म्हणणं.

गंमत अशी की गंजीचं कसब पुरतं मेलेलं नाही, त्याने मुक्काम बदलला आहे. सोयाबीन कापलं की मळणीयंत्र मिळेपर्यंत त्याची सुडी लावावी लागते, आणि परतीचा पाऊस नेमका तेव्हाच येतो. सुडी रचताना शेंगा आत, बुडं बाहेर, पोट उंच, शेंडा निमुळता: नियम सगळे कडब्याचेच. ताडपत्रीवर भिस्त ठेवून कशीही लावलेली सुडी आतून तापते, शेंगांत दाण्यांना मोड येतात. ताडपत्री वरचं पाणी अडवते, आतली वाफही अडवते. म्हणून उघडीप मिळाली की ती काढून घ्यावी लागते, हे जुन्या रचणाऱ्याला सांगावं लागत नाही. फरक एवढाच की आता हे कसब चाऱ्यासाठी नाही, विक्रीच्या दाण्यासाठी वापरलं जातं. दाणा निघाला की उरलेल्या कुटाराला कुणी वाली नसतो. पूर्वी हरभऱ्याचं, तुरीचं कुटार तट्टे लावलेल्या बंडीतून घरी येई आणि कोरड्या जागी दाबून ठेवलं जाई. सोयाबीनचं कुटार जनावर तितक्या आवडीने खात नाही, काड्या टणक असतात. तरी कोरडं ठेवून, ढेपेच्या पाण्यात किंवा मिठाच्या पाण्यात भिजवून, हरभऱ्याच्या कुटारात मिसळून ते चालतं. कडब्याची बरोबरी ते करणार नाही. उन्हाळ्यात विकतच्या कडब्याचे शेकडे मात्र त्याने कमी होतात, आणि पीक विमा ज्याला हिशेबातच धरत नाही अशा चाऱ्याच्या बाबतीत हे थोडं नाही; विमा दाण्याचं उत्पन्न मोजतो, कुटाराचं नाही.

खरी मोकळी राहिलेली संपत्ती धुऱ्यावर आहे. वावराच्या कडेचं, नाल्याच्या काठचं, पडीक जागेवरचं पवना-मारवेलसारखं गवत आपण कापतो ते बी झडून गेल्यावर, मार्गशीर्षात, पिवळंधमक झाल्यावर. तेव्हा ते सरपणापेक्षा थोडंच बरं असतं. फुलोऱ्यावर कापलं तर त्यात प्रथिनं दुपटीच्या आसपास असतात. कृषी विद्यापीठं हे सांगून थकली आणि शेतकरी ऐकत नाहीत, अशी तक्रार असते. मला शेतकऱ्यांचा दोष वाटत नाही. फुलोरा येतो भादव्यात, तेव्हा आभाळ फाटलेलं. कापलं तर वाळवायचं कुठे? ज्वारीने आपल्याला वाळवणीचं कोणतंच अवजार शिकवलं नाही, कारण तिला ते लागलंच नाही. इथे नॉर्वेवाल्यांचा कित्ता उपयोगी पडतो. त्यांच्या तारांची गरज नाही. तीन बांबूंचं तिकाटणं, त्यावर आडव्या तुराट्या बांधल्या की गवत जमिनीपासून हातभर वर लटकतं, खालून वारा खेळतो, वरचा थर भिजला तरी आतलं वाळतं. आणि वाळल्यावर रचायचं कसब नसेल तर पेटीचा गठ्ठा आहे: तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच अशी बिनबुडाची लाकडी पेटी, आत आधी दोन दोऱ्या आडव्या घालून ठेवायच्या, गवत भरून पायाने तुडवायचं, दोऱ्या आवळून पेटी वर उचलून घ्यायची. पंधरा किलोच्या आसपासचा चौकोनी गठ्ठा निघतो, तो बाई एकटीने उचलू शकते आणि गोठ्याच्या माळ्यावर विटांसारखा बसतो. पालघर-वाड्याकडच्या गवताच्या वखारींत मुंबईच्या तबेल्यांसाठी गवत दाबून बांधायचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. ही पेटी म्हणजे त्याचीच घरगुती आवृत्ती, आणि ती गावचा सुतार एका दिवसात करून देईल.

अडचण उरते ती वेळेची. सोयाबीनची कापणी सुरू झाली की धुऱ्याकडे बघायला कुणाला सवड नसते, आणि तेव्हा गवताचा फुलोराही सरलेला असतो. पोळा आणि नवरात्र यांच्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत मात्र सोयाबीन अजून शेंगा भरत असतं, निंदण-फवारणी आटोपलेली असते, हाताला थोडी उसंत असते. धुरा कापायचा तो तेव्हाच, एकदम सगळा नाही, तिकाटण्यांवर मावेल तेवढा. पहिला वाळून पेटीत गेला की दुसरा.